उदगीरचा दगड

गाडी निघायच्या आधीच वीरभद्र कोरे तीनदा चिडले होते. एकदा बायकोनं, गौरम्मांनी, प्रवासाला दोन प्रकारच्या चटण्या घेतल्या म्हणून. एकदा शेजारचे वाजिदभाई अजून दाढीच करत होते म्हणून. आणि एकदा डॉक्टरांवर, कारण ही सगळी भानगड त्यांनीच लावून दिली होती.

उदगीरच्या मोंढ्यात वीरभद्रांचं अडत दुकान होतं. तूर ओली आली की ते शेतकऱ्यावर चिडत, कोरडी आली की हमालांवर, आणि तूर आलीच नाही की आभाळावर. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं आणि आकडा बघून ते स्वतःच खुर्चीत टेकले. "कोरेशेठ, आठ दिवस दुकानाचं तोंड बघायचं नाही. कुठंतरी फिरून या. आरामात. आणि आरामात म्हणजे आरामात!" त्याच संध्याकाळी मुलगा संगमेश्वर आणि सून मंजुश्री यांनी दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्यावरही वीरभद्र चिडले, पण ते वर धरलेलं नाही.

कुठं जायचं हे वाजिदभाईंनी ठरवलं. त्यांचं मोटारींची सीट-कव्हरं शिवायचं दुकान होतं आणि त्यांना कशाचीच घाई नसे. एकदा एका गिऱ्हाईकानं गाडी विकून टाकली, तरी तिची कव्हरं वाजिदभाईंच्या मशीनवरच होती. त्यांचे आजोबा म्हणे निजामाच्या काळात रायचूरकडं एका सोन्याच्या खाणीवर कारकून होते. लिंगसुगूरच्या पुढं होन्नगुड्ड नावाचं गाव, तिथं ती खाण. कधीच बंद पडलेली.

"अप्पा, मरायच्या आधी येकदा बघायचीच हाय मला ती जागा," वाजिदभाई म्हणाले. "तुमची गाडी, माझ्या सीटा. आहिस्ता आहिस्ता जाऊ. वहिदा बी येते म्हनून राहिली."

गाडीतल्या सीट खरोखरच नवाबाला शोभतील अशा होत्या. गाडीला नव्हता तो हँडब्रेक. म्हणजे दांडा होता, तो वर ओढला की कर्रर्र असा आवाजही येई, पण गाडीला त्याचं काहीच वाटत नसे. गिअरमध्ये टाकून गाडी उभी करणं वीरभद्रांना मान्य नव्हतं. त्यानं गिअर झिजतात असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळं चाकाखाली लावायला एक दगड डिकीत असे. वाजिदभाईंनी घरामागं एक खोली काढली तेव्हा पाया खोदताना निघालेला, काळाकुळकुळीत, बरोबर पाचरीसारखा दगड. त्यात जागोजागी पांढरे खडे होते आणि ऊन पडलं की ते चमकत.

दगड लावायचं काम वाजिदभाईंचं. आयुष्यात कधी न धावलेला हा माणूस गाडी थांबली रे थांबली की उडी मारून उतरे, डिकी उघडून दगड उचले आणि चाकामागं धावे, कारण ब्रेकवर पाय ठेवून बसलेले वीरभद्र आतून ओरडत असत, "लागला का? अरे लागला का न्हाई?"

आणि गाडी सारखी थांबत होती. बीदरच्या अलीकडं चहाला थांबली, बीदरला किल्ला बघायला थांबली, बीदर सोडल्यावर किल्ल्याचा फोटो नीट आला नाही म्हणून थांबली. हुमनाबादला वहिदाभाभींना चिंचा दिसल्या. वाजिदभाईंच्या या पत्नी मुलींच्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी "रोको" म्हटलं की गाडीच काय, रस्त्यावरचं कुत्रंही थांबत असे. कलबुर्गीला दोन मुक्काम झाले. दुसऱ्या मुक्कामाचं कारण वीरभद्रांना अजूनही कळलेलं नाही.

"आरामात हां, अप्पा," वाजिदभाई दर मैलाला म्हणत.

"आरामातच हाय!" वीरभद्र दात ओठ खाऊन म्हणत. "लई आरामात हाय! माझ्या बापजन्मात मी येवढा आराम करून न्हाई राहिलो!"

"मग ओरडून का सांगून राहिले?" गौरम्मा मागून विचारत.

कृष्णेच्या पुलावर तर हद्द झाली. नदी बघायला सगळे उतरले. वाजिदभाईंनी कठड्याला टेकून पाण्याकडं इतका वेळ बघितलं, की वीरभद्रांना वाटलं माणूस उभ्याउभ्या झोपला. पाठीमागून येणारा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, त्याच्यामागं बस होती, बसमागं वऱ्हाडाचा टेम्पो होता आणि वीरभद्र त्या सगळ्यांच्या वतीनं वाजिदभाईंना शिव्या देत होते.

तर असे रमतगमत हे चौघं चौथ्या दिवशी होन्नगुड्डला पोचले. खाण गावाबाहेर एका टेकाडावर होती. फाटकावरचा आडवा बांबू वर केलेला होता, चौकीत कुणी नव्हतं, म्हणून गाडी सरळ आत गेली. आत बघण्यासारखं फार नव्हतं. गंजलेला लोखंडी मनोरा, दळून टाकलेल्या खडकाचा राखी रंगाचा प्रचंड ढिगारा आणि बिनछपराच्या खोल्यांची एक रांग. खोल्यांमधून बाभळी उगवल्या होत्या.

वाजिदभाई त्या रांगेसमोर उभे राहिले. "यातली कोनती आसंल दादाअब्बांची?" ते हळूच म्हणाले. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, एका दाराच्या चौकटीला हात लावून बघितला आणि परत फिरले. तेवढा वेळ वीरभद्रही गप्प होते. तिथवरच्या सगळ्या प्रवासात ते तेवढेच गप्प बसले.

परत येताना मात्र फाटक बंद. बांबू खाली आणि त्याला कुलूप. रस्ता तिथं चांगला उताराचा. वीरभद्रांनी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग हॉर्नवर हात ठेवूनच दिला. चौकीतून कुणी येईना.

"हे काय लावलं हाय? आत सोडायचं आन् कोंडून घालायचं?" असं म्हणत त्यांनी वाजिदभाईंना खुणावलं. वाजिदभाईंनी उडी मारली, दगड लावला. मग वीरभद्र बाभळीआड लघवीला गेले, गौरम्मा रस्त्याकडेच्या बसवण्णाच्या देवळाकडं वळल्या आणि वहिदाभाभी मागच्या सीटवर चिंचा सोलत बसल्या. वाजिदभाई गाडीपाशी उभे राहून ढिगाऱ्याकडं बघत होते.

नेमका तेव्हा पहारेकरी उगवला. शिवमूर्ती त्याचं नाव. खाकी शर्ट, खाली लुंगी, हातात शिट्टी. आत गेलेली गाडी त्यानं शेतातून पाहिली होती, आणि धावत येऊन, फाटक लावून तो आडवाटेनं तिला शोधायला वर गेला होता. खाण बंद असली तरी तिथं पुन्हा तपासणी सुरू झाली होती आणि आतला एक खडाही बाहेर जाऊ द्यायचा नाही असा त्याला हुकूम होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तो चाकाशी थबकला. काळा दगड उन्हात चमचम करत होता.

त्यानं दगडाकडं बोट दाखवलं, वाजिदभाईंकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "चिन्ना?"

आता कानडीत चिन्ना म्हणजे सोनं. पण वाजिदभाईंना कानडी येत नव्हतं. त्यांची सासरवाडी देगलूरची. तिथल्या बाजारात त्यांनी थोडं तेलुगू उचललेलं. तेलुगूत चिन्ना म्हणजे लहान. परमुलखात कुणीतरी आपल्याला समजेल असं बोललं याचा त्यांना फार आनंद झाला.

"हौ, चिन्नाच है," ते हसून म्हणाले. "लेकिन काम का है."

शिवमूर्तीचे डोळे विस्फारले. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये... पूरा चिन्ना?"

"ये तो कुछ भी नहीं. घर पे इससे बड़े बड़े हैं. ढेर पड़ा है."

"घर पे? किधर?"

"उदगीर. दीवार के बाजू में खोदा, तो निकलते ही गए. कुछ तो हमने फेंक दिए."

शिवमूर्तीनं कपाळावरचा घाम पुसला. "सबको मालूम?"

"उसमें छुपाने का क्या है?" वाजिदभाई दिलदारपणे म्हणाले. "तुमको होना क्या एक? अगली बार लाता."

शिवमूर्तीच्या नोकरीत त्याला लाच द्यायचा प्रयत्न आजवर कुणी केला नव्हता. तो सरळ माणूस होता. त्यानं छाती पुढं काढली, वाकला आणि पुरावा म्हणून चाकाखालचा दगड दोन्ही हातांनी हिसडा मारून उपसला.

गाडी निघाली. सगळ्या प्रवासात खऱ्या अर्थानं आरामात चाललेली ती एकटीच. आधी विचार केल्यासारखी जरा हलली, मग सावकाश उतरू लागली. मागच्या सीटवर चिंचेचं टरफल हातात धरून वहिदाभाभी ताठ बसल्या होत्या.

"अजी! ये गाडी कौन चला रहा है?"

"कोई नहीं!" वाजिदभाई मागून धावत ओरडले.

बाभळीआडून वीरभद्र पॅंट सावरत पळत आले. "दगड! अरे दगड कुठं हाय?" गाडीनं फाटकाचा बांबू कडाड्कन मोडला, चौकीसमोरचा पाण्याचा रांजण फोडला आणि लिंबाच्या झाडाला नाक टेकवून ती उभी राहिली. समोरचा एक दिवा हळूच निखळून खाली पडला.

शिवमूर्तीच्या दृष्टीनं गोष्ट साफ होती. चोरी केली, लाच देऊ केली आणि शेवटी बाईला गाडीत बसवून फाटक मोडून पळायचा प्रयत्न केला. त्यानं शिट्टी फुंकली. शिट्टीचा काही उपयोग नव्हता, ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच; म्हणून मग त्यानं वरच्या मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्या टेकडीवर कामात होत्या. "कुणाला हलू देऊ नका, येते," एवढंच त्या म्हणाल्या.

चौघांना चौकीच्या ओट्यावर बसवण्यात आलं. चौकीत एकच खुर्ची होती आणि एकच पंखा. शिवमूर्तीनं दगड खुर्चीवर ठेवला, त्यावर स्वतःचा धुतलेला टॉवेल पांघरला आणि पंखा लावला.

"दगडाला पंखा, आन् मानसं उन्हात?" वीरभद्र कडाडले. "सांग त्याला गौरम्मा, सांग, की तू येडा हायस! हा दगड आमच्या घरचा हाय!"

गौरम्मांचं माहेर भालकीचं, कानडी त्यांचं घरचंच. त्या शिवमूर्तीला गोड आवाजात म्हणाल्या की, भाऊ, तुमचं काम तुम्ही नीट करता हे बघून आमच्या मालकांना बरं वाटलं. शिवमूर्तीनं मान लववली. वीरभद्रांना कानडी कळत होतं, फक्त रागात बोलता येत नसे. त्यामुळं ते बायकोवरही चिडले.

मग शिवमूर्तीनं चिन्नाचं सगळं बोलणं गौरम्मांना सांगितलं. त्या ऐकता ऐकता वाजिदभाईंकडं वळल्या. "भाईजी, तुम्ही याला म्हनलात का, घरी सोन्याचा ढीग पडलाय म्हनून?"

"मी? सोनं?" वाजिदभाई उभेच राहिले. "मी तर छोटा म्हनलो! चिन्ना बोले तो छोटा!"

"कानडीत सोनं!"

"मग कानडीत आसं का बोलतेत?"

वीरभद्रांनी हात जोडले. "चाळीस वर्षं झाली या मानसाशेजारी राहून ऱ्हायलो. येका शब्दात जेलात घातलं यानं मला. येका शब्दात!"

पण हे भांडण तितक्यावर राहिलं असतं. ऊन कलत गेलं आणि खुर्चीवरच्या दगडावर तिरपं पडलं. टॉवेल पंख्यानं सरकला होता. दगडातले खडे लखलखू लागले. शिवमूर्ती त्याच्याकडं ज्या भक्तिभावानं बघत होता, ते बघून आधी गौरम्मा बघू लागल्या, मग वहिदाभाभी, आणि मग चौघंही बघत बसले.

"आवो," गौरम्मा म्हणाल्या. "हा मानूस इतकी वर्षं खाणीवर हाय. त्याला काई कळत नसंल का?"

"काय कळतंय!" वीरभद्र म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "तरी पन... आपल्या घरामागं सापडलेला हाय म्हना हा."

"आपल्या नाही," वहिदाभाभी शाळेच्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या."

गौरम्मांनी पदर खोचला.

"म्हंजे काय, वहिदाभाभी?" गौरम्मांनी विचारलं.

"म्हणजे पाया आमचा खोदला, दगड आमच्या पायातून निघाला. मी फक्त माहितीसाठी सांगते."

"आन् तीन वर्षं कुणाच्या डिकीत हाय तो?" वीरभद्र तडकले. "मी उचलला म्हनून! न्हाई तर नालीत जानार होता!"

"अप्पा, डिकीत ठेवल्यानं वस्तू आपली होत न्हाई," वाजिदभाई म्हणाले. "मी बी तीन तास तुमच्या डिकीजवळ उभा ऱ्हायलो, मी तुमचा झालो का?"

"तू लई बोलून राहिलास आज!"

"चाळीस वर्षं तुमचंच ऐकून राहिलो, म्हनून आज बोलून राहिलो!"

मग सगळंच बाहेर आलं. वीरभद्रांच्या कूलरचं पाणी वाजिदभाईंच्या दारात जातं ते आलं. वाजिदभाईंच्या बकरीनं गौरम्मांची कोथिंबीर खाल्ली होती ते आलं. वीरभद्रांच्या बारशाच्या जेवणाला वाजिदभाई उशिरा आले ते आलं. म्हणजे संगमेश्वरच्या बारशाला, पण रागाच्या भरात ते तसं म्हणाले आणि वाजिदभाई नको त्या वेळी हसले. त्यानं आगीत भरच पडली.

"हस! हस!" वीरभद्र ओरडले. "पन येक ध्यानात ठेव, सोन्याची शीर जमिनीखालून जाती, ती भिंत बघून थांबत न्हाई. तुझ्या खोलीखालून निघाली, तर माझ्या घराखालनंच जानार!"

"भिंतीच्या अलीकडं जे हाय ते माझं!"

"भिंतच माझी हाय! माझ्या बापानं बांधली!"

"आन् माती कुनाच्या अंगणातली घेतली होती?"

यानंतर बोलणं बंद झालं. दोन्ही जोडपी ओट्याच्या दोन टोकांना पाठ करून बसली. वाजिदभाई आणि वहिदाभाभी आपसात हलक्या आवाजात उर्दूत बोलू लागले. ते बघून गौरम्मा नवऱ्याच्या कानाशी लागल्या आणि कानडीत म्हणाल्या, "मी म्हणते, स्वयंपाकघर तसंही जुनं झालंय. तिथली फरशी उखडून बघितली तर?"

"चूल कुठं मांडशील?" वीरभद्रांनीही कानडीतच विचारलं.

"अंगणात मांडीन. पण आधी यांना कळता कामा नये."

कानडी भाषा शेजाऱ्यांपासून लपवायला चांगली होती, पण शिवमूर्ती दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्यानं ताबडतोब मॅडमना दुसरा फोन केला. "मॅडम, लवकर या. यांच्या स्वयंपाकघरातही खाण आहे."

मॅडम जीपनं आल्या. शिवकन्या त्यांचं नाव, भूगर्भशास्त्रज्ञ. तरुण मुलगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बुटांवर धूळ, दिवसभर उन्हात काम करून वैतागलेली. शिवमूर्तीनं टॉवेल दूर करून दगड दाखवला. चौघं आपापल्या टोकावरून उठून जवळ आले, पण एकमेकांकडं बघायचं नाही एवढं पाळून.

"हा इथं कुठे सापडला?" मॅडमनी हिंदीत विचारलं.

"इथला न्हाई! उदगीरचा हाय!" वीरभद्र.

"माझ्या घरचा!" वाजिदभाई.

"दोन घरांच्या मधला!" गौरम्मा.

मॅडमनी दगड उचलला, जमिनीवर ठेवला, कमरेचा हातोडा काढला आणि कुणी "अहो" म्हणायच्या आत दाणकन घाव घातला. दगडाचे दोन तुकडे झाले. आत मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्यात पांढऱ्या खड्यांची दाटी. चौघंही पुढं वाकले. मॅडमनी भिंग लावून बघितलं, हात झटकले आणि त्या उठल्या.

"काळा पत्थर. ज्वालामुखीचा थंड झालेला लाव्हा. तुमच्या भागात सगळीकडे हाच आहे. पांढरे खडे दिसायला छान, बाकी काही नाही."

"म्हंजे... सोनं?" गौरम्मांनी विचारलं.

"या दगडात? नाही हो आजी. उदगीर काय, तिकडं बीडपर्यंत खोदत गेलात तरी नाही निघणार." आणि मॅडम दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

त्या हसल्या नसत्या तर बरं झालं असतं. वीरभद्रांचा चेहरा तांबडालाल झाला. दुपारपासून हा साधा दगड आहे, साधा दगड आहे, असं तेच ओरडून सांगत होते. पण आता दुसऱ्या कुणी ते म्हटलं तेव्हा त्यांना सहन होईना.

"न्हाई निघणार म्हंजे? तुमी येऊन बघितलं का उदगीरला? हातोडा हानला आन् झालं? तो काय फालतू दगड होता का? नंबर येक दगड होता! उतारावर भरली गाडी धरून ठेवायचा! विचारा याला!" त्यांनी सवयीनं वाजिदभाईंकडं हात केला, मग अबोला आठवून तो मागं घेतला.

"आन् फोडायच्या आधी मालकाला विचारायचं असतं," वहिदाभाभी मॅडमना म्हणाल्या. "मुलींना आम्ही हेच शिकवलं होतं."

मॅडम जरा वरमल्या. बांबूचं आणि रांजणाचं आपण बघून घेऊ, तुम्ही जा, असं त्या म्हणाल्या. वीरभद्रांनी मोडलेला दिवा उचलून डिकीत टाकला. मग त्यांना पुढचा प्रश्न सुचला. चाकाखाली लावायला आता काय? त्यांनी पायाजवळचा एक चांगला धोंडा उचलला आणि शिवमूर्तीनं लगेच शिट्टी फुंकली. इथला दगड बाहेर नेता येत नाही. वीरभद्रांनी तो धोंडा ज्या जोरानं खाली टाकला, त्यानं त्यांच्याच पायाच्या अंगठ्याचं नख गेलं.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. सुरपूरला सगळे चहाला उतरले, वीरभद्र सोडून. हॉटेल उतारावर होतं आणि त्यांचा सुजलेला पाय ब्रेकवर होता. रस्त्याकडेचा कुठलाही दगड घेता आला असता. पण वाजिदभाई तो आणायला जाईनात आणि वीरभद्र त्यांना सांगेनात. समोरच्या बाकड्यावर बसून वाजिदभाईंनी एक चहा घेतला. त्यांच्याकडं बघत सावकाश फुंकर मारून दुसरा घेतला. जन्मात त्यांनी इतक्या आरामात चहा प्यायला नव्हता. शेवटी गौरम्मांनी गार झालेली कपबशी खिडकीतून आत दिली.

जायला चार दिवस लागलेला रस्ता त्यांनी एका दिवसात मागं टाकला. ना चिंचा, ना किल्ला, ना फोटो. उदगीर आलं. दोन्ही घरांची दारं एकाच वेळी उघडली आणि एकाच वेळी धाडकन लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वीरभद्र कुदळ घेऊन परसात गेले. ती पोरगी काही म्हणो. मोंढ्यात त्यांनी लई शिकलेली माणसं बघितली होती. तूर आणि तुरीतला खडा यांतला फरक कळत नव्हता त्यांना. भिंतीच्या बुडाशी बसून त्यांनी आवाज न करता माती उकरायला सुरुवात केली. वाजिदच्या खोलीचा पाया बरोबर पलीकडं होता. शीर असलीच तर इथूनच येणार. माती भुसभुशीत होती, काम झरझर होत होतं. मधेच कुदळ थांबवून ते दम घेत, आणि त्यांना वाटे, कुदळीचा आवाज अजूनही येतोच आहे. बीपीनं कान वाजत असतील म्हणून ते पुन्हा उकरू लागत.

गुडघाभर खड्डा झाला आणि त्यांच्या कुदळीचं टोक खणकन कशाला तरी लागलं. धातूला धातू लागावा तसा आवाज. वीरभद्रांनी घाईघाईनं माती बाजूला सारली.

ती दुसरी कुदळ होती. भिंतीखालून आलेली.

वीरभद्र वाकले. पलीकडून वाजिदभाई वाकले. भिंतीखालच्या भोकातून दोघांची नजरानजर झाली.

"काय करून राहिलास?" वीरभद्रांनी दरडावून विचारलं.

"झाड... झाड लावून राहिलो. तुमी?"

"मी बी."

"भिंतीखाली?"

"तू कुठं लावून राहिलास?" वीरभद्र गरजले. "ती पोरगी सोनं न्हाई म्हनली ना? कानानं ऐकलं ना तू? मग शिकलेल्या मानसावर भरोसा ठेवायला काय होतं रे तुला?"

"आवाज बारीक करा, अप्पा," वाजिदभाई घाईनं म्हणाले. "भिंत हालून राहिली."

भिंत खरोखरच हलत होती. वीरभद्रांच्या बापानं ती वाजिदभाईंच्या अंगणातल्या मातीत बांधलेली, आणि दोन्ही अंगांनी तिच्या पायाखालचं सगळं काढून घेतलेलं. दोघं कुदळी टाकून मागं पळाले. भिंत जागच्या जागी एकदा डुलली, कुठल्या बाजूला पडावं याचा तिनं जरा विचार केला आणि मग निम्मी इकडं, निम्मी तिकडं अशी खाली बसली.

धूळ खाली बसली तेव्हा गौरम्मा दातांत मंजन धरून एका मागच्या दारात उभ्या होत्या आणि वहिदाभाभी जपमाळ घेऊन दुसऱ्या. दोघींनी खड्डे बघितले, कुदळी बघितल्या, मातीनं माखलेले दोन नवरे बघितले. खाणीवरच्या भांडणापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"भाभी," गौरम्मा चूळ भरून म्हणाल्या, "आता यांना काय म्हनावं?"

"मला विचारू नका, गौराक्का," वहिदाभाभी म्हणाल्या. "उर्दूत आहे तो शब्द मुलींच्या शाळेत म्हणता येत नाही."

"कानडीत बी हाय येक."

मग दोघी ढिगाऱ्यावर चढल्या आणि आपापल्या भाषेत ते शब्द सकाळभर त्यांनी पुरवून पुरवून वापरले. वीरभद्र आणि वाजिदभाई खाली मान घालून पाट्यांनी माती उपसत होते.

भिंत अजून बांधलेली नाही. ती कुणी बांधायची यावर दोघांचं रोज संध्याकाळी कडाक्याचं भांडण होतं. वीरभद्र आपली खुर्ची त्यासाठी भिंतीच्या जागेवर आणून ठेवतात, वाजिदभाई आपली आणतात, आणि चहा येईपर्यंत दोघं एकमेकांचं काही एक ऐकून घेत नाहीत.